युरोपात ‘एकच किमान वेतन’ नाही

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय: ‘युरोपियन युनियनने 27 देशांत एकच किमान वेतन लागू केले. मुलांनो, कुठेही जा, पगार तोच!’ हे खरे नाही. यावर विसंबून बडोद्यातल्या कुणी एजंटच्या हाती पैसे ठेवू नयेत, म्हणून हा खुलासा.

2022 साली युनियनने किमान वेतनाविषयी निर्देश (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम) काढला, इतके खरे. पण त्यात आकडा नाही. असूही शकत नाही. पगार ठरवण्याचा अधिकार सदस्य देशांमधल्या मूळ करारानेच युनियनला दिलेला नाही. जिथे कायद्याने किमान वेतन आहे, तिथे ते जगायला पुरेसे आहे का हे तपासा, असे निर्देश सांगतो. 2025च्या सुरुवातीला बल्गेरियात ते महिन्याला 551 युरो होते, लक्झेंबर्गमध्ये 2600हून जास्त. डेन्मार्क, स्वीडन, इटलीत तर असा कायदाच नाही. तिथे कामगार संघटना आणि मालक बोलणी करून पगार ठरवतात.

आणि नेमकी मोलाची गोष्ट संदेशातून गळली. अशा बोलण्यांतून होणाऱ्या सामूहिक कराराखाली 80 टक्क्यांपेक्षा कमी कामगार असलेल्या देशांनी ते प्रमाण वाढवण्याचा आराखडा करायचा आहे. आपल्या मजुरीबद्दल बोलण्याचा हक्क कामगाराला मिळणे, ही मला मतदानाइतकीच लोकशाहीची बाब वाटते.

ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला, त्यांनी कृपया हा खुलासाही त्याच गटांत पाठवावा.