जपानी ट्यूनरबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय की जपानहून आलेला जुना हाय-फाय ट्यूनर (रेडिओ स्टेशन पकडणारा सेट) स्वस्तात मिळाला तर डोळे झाकून घ्या, फक्त ट्रान्सफॉर्मर लावला की झालं. भावांनो, हे अर्धंच खरं आहे.

ट्रान्सफॉर्मर लागतोच, तिकडं १०० व्होल्ट, आपल्याकडं २३०, थेट लावला तर आतला पॉवर सप्लाय जळायचा. पण खरी अडचण बँडची, म्हणजे स्टेशनं ज्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात लागतात त्याची. जपानमध्ये त्या काळी एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ होतं, आपलं ८७.५ ते १०८, म्हणजे जुळणारा पट्टा जेमतेम अडीच मेगाहर्ट्झचा आणि आपली खाजगी स्टेशनं सगळी ९१ च्या पुढं, मग एवढा देखणा ट्यूनर घरात नुसता खरखर करत बसणार, बघून जीव तुटतो.

म्हणून पैसे द्यायच्या आधी डायलचा फोटो मागवा. १०८ पर्यंत आकडे असतील तर बिनधास्त घ्या, ९० ला संपत असेल तर सोडा.

अमेरिकन मॉडेलचा बँड जुळतो, पण काही डिजिटल सेट ०.२ मेगाहर्ट्झच्या टप्प्यानं पळतात, १००.६ सारखं स्टेशन नेमकं लागत नाही. शिवाय त्यांचा डी-एम्फसिस (स्टेशननं वाढवून पाठवलेला बारीक, टोकदार आवाज सेटमध्ये परत कमी करायची सोय) ७५ मायक्रोसेकंदाचा, आपला ५० चा, त्यामुळं आवाज जरा दबका येतो.