सिमेंटची गोणी नंतर, आधी वही न्या

जुन्या दफनभूमीची डागडुजी म्हटली की आपल्याकडे आधी सिमेंटची गोणी येते, मागोमाग ऑइलपेंटचा डबा. मन चांगलं असतं, पण दगडाचं वाटोळं होतं.

सोलापुरात पुरण्याची रीत मुसलमान-ख्रिस्ती समाजाइतकीच लिंगायतांचीही आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, १८६० मध्ये रेल्वे आली, १८७६ ते ७८ दुष्काळ पडला. गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, या सगळ्याचे आकडे मिळतात, माणसाचं नाव मात्र बहुतेकदा दगडावरच असतं. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती दफनांच्या नोंदींच्या प्रती तरी लंडनला जायच्या, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बाकीच्यांचं काय? म्हणून पहिलं काम दगडावरची अक्षरं वाचण्याचं.

भर दुपारी झिजलेली अक्षरं दिसत नाहीत. सकाळी सातला जा, किंवा बाजूने आरसा धरून उजेड तिरका पाडा. खडू, पीठ, गेरू काही चोळू नका. ओळ जशी आहे तशीच वहीत उतरवा, चुकीच्या स्पेलिंगसकट. कबरींचे नंबर नकाशावर टाका, दगडावर रंगवू नका. संगमरवरावर शिसं भरलेली अक्षरं असतील आणि शिसं निघून गेलं असेल, तर खाचेत बारीक भोकं राहतात. शिसं पकडून ठेवायला ती पाडलेली असतात. ती भोकं जोडत गेलं की अक्षर पुन्हा उभं राहतं. सिमेंटने ती बुजवली की नाव कायमचं गेलं!

धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश, खालून वर. ॲसिड आणि तारेचा ब्रश अजिबात नको.

दगड कलतात ते आपल्या काळ्या मातीमुळे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, सप्टेंबरच्या पावसात तीच फुगते. अशा दगडाच्या बुडाला काँक्रीट ओतलं की बूड जखडतं, आणि पुढच्या धक्क्याला दगड नेमका जमिनीलगत मोडतो. त्यापेक्षा दगड अलगद उचलून ठेवा, खालची-बाजूची फूटभर काळी माती काढा, मुरूम आणि खडी थराथराने ठोकून भरा आणि दगड पुन्हा बसवा.

सांध्यांना चुनाच. भिजवून मुरवलेला चुना १ भाग, चाळलेली धुतलेली वाळू ३ भाग. सांधा आधी ओला करा, भरल्यावर आठ-दहा दिवस ओलं गोणपाट ठेवा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. मे महिन्यात चुना जमण्याआधीच सुकतो आणि त्याची पूड होते. सिमेंट ओल कोंडून धरतं. मग ती ओल विटेतून, दगडातून वाट काढते, क्षार घेऊन येते आणि पापुद्रे सुटतात.

पिंपळ उपटू नका, मुळाबरोबर अख्खा सांधा येतो. खोड कापा, फुटलेले कोंब खुडत राहा, मूळ वाळलं की सांधा भरताना तुकड्या-तुकड्याने काढा. मोडलेले तुकडे कुंपणाशी ढीग करून टाकू नका, ज्याचे त्याच्या कबरीवरच ठेवा.

जागा चर्चची, वक्फची, ट्रस्टची की महापालिकेची ते बघून लेखी परवानगी आधी घ्या. वहीची एक प्रत त्यांच्याकडे द्या, एक सार्वजनिक वाचनालयात.