वीज पडली आणि हुकूम गेला : 'नंबर फाइव्ह'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि मुद्देसूद आहे, म्हणून खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा स्वतंत्र उत्तर लिहितो आहे. बाकीच्या वाचकांसाठी आधी वाद काय आहे ते सांगतो. मूळ लेखात मी म्हटलं होतं, की १९८६ सालच्या 'शॉर्ट सर्किट' या चित्रपटातला लष्करी यंत्रमानव नंबर फाइव्ह विजेमुळे जिवंत झाला असं आपण सहज बोलून जातो, पण विजेने त्याच्या अंगी नवं कौशल्य घातलेलं नाही. तिने त्याच्याकडून एकच गोष्ट काढून घेतली, ती म्हणजे हुकूम. तुमचं म्हणणं असं : पडद्यावर वीज पडताना स्पष्ट दिसते, मग हा शब्दच्छल कशाला? वीज मेमरीतले बिट, म्हणजे शून्य-एकाचे सुटे आकडे, उलटवू शकते आणि त्यातून नवा प्रोग्रॅम तयार होणं अशक्य नाही. त्या काळी लष्कराकडे असलं काहीही नव्हतं, त्यामुळे 'लष्करी मूळ' हा लेखकाने चिकटवलेला भाग आहे. पडद्यावरचं यंत्र म्हणजे रिमोटवरचं मोठं खेळणं. आणि शेवटी, त्यात एक भारतीय शास्त्रज्ञ आहे, त्याचं कौतुक मी का केलं नाही.

आधी कथेत नेमकं काय घडतं ते पाहू. नोव्हा नावाच्या प्रयोगशाळेत न्यूटन क्रॉस्बी आणि त्याचा साथीदार बेन यांनी अमेरिकन लष्करासाठी सेंट नावाचे पाच यंत्रमानव बनवलेले आहेत. नाव लघुरूप आहे. फोड केली तर सामरिक, कृत्रिम बुद्धीचं, अण्वस्त्र वाहून नेणारं यंत्र. खांद्यावर लेसर, खाली रणगाड्यासारखे पट्टे. लष्करी पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक होतं, वादळ येतं, आणि जनरेटरला जोडलेल्या नंबर फाइव्हमध्ये विजेचा लोट शिरतो. त्यानंतर तो लगेच शहाणा होत नाही. तो भरकटतो. कुठे जायचं, काय करायचं हे त्याला कळत नाही, प्रयोगशाळेला उत्तर देता येत नाही. ऑरेगनमधल्या अ‍ॅस्टोरियात स्टेफनी स्पेक या तरुणीच्या घरी पोहोचल्यावर तो विश्वकोश आणि टीव्ही यांचा फडशा पाडतो. पुढे उड्या मारताना त्याच्याखाली एक नाकतोडा चिरडतो, तो पुन्हा जोडता येत नाही हे त्याला समजतं, आणि मग स्वतःला उघडून सुटं करणं म्हणजे काय याची त्याला भीती वाटू लागते. वीज आणि ही भीती यांच्यामध्ये बराच काळ गेलेला आहे. तुमच्या आक्षेपात तो मधला काळच गायब आहे.

आता बिटांकडे. हा तुमचा सर्वांत दमदार मुद्दा आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

चार्जिंगला लावलेल्या यंत्रात विजेचा लोट दोन वाटांनी येतो. पहिली वाट पुरवठ्याची : लाइन किंवा जनरेटर, मग चार्जर, मग बॅटरीची मुख्य पट्टी, तिथून व्होल्टेज उतरवणारे कन्व्हर्टर आणि शेवटी पाच व्होल्टवर चालणारी लॉजिक कार्डं. दुसरी वाट अर्थिंगची. वीज जवळ पडली की जमिनीचा विद्युत दाब ठिकठिकाणी वेगवेगळा होतो, आणि यंत्राला व नियंत्रण कक्षातल्या संगणकाला एकच डेटा केबल जोडलेली असेल तर तो फरक त्या केबलमधून वाहतो. पुरवठ्याच्या वाटेवर सर्ज शोषणारा व्हॅरिस्टर असतो, बॅटरी स्वतःही बराचसा लोट पोटात घेते. डेटा केबलला असं कवच बहुधा नसतं. म्हणून वादळानंतर दुरुस्तीला आलेल्या यंत्रात पहिल्यांदा सीरियल पोर्टच्या ड्रायव्हर चिप तपासायच्या असतात. नंबर फाइव्ह चालतो, पाहतो, हात हलवतो, पण प्रयोगशाळेशी बोलू शकत नाही. लेखकांनी हे मुद्दाम साधलं असो वा नसो, बिघाडाचा हा नमुना दुरुस्तीच्या टेबलावर ओळखीचा वाटेल असा आहे.

लोट लॉजिक कार्डांपर्यंत पोहोचलाच, तर तो तिथे लिहीत नाही, जाळतो. त्या काळच्या साध्या टीटीएल (पाच व्होल्टवर चालणाऱ्या तर्क-जोडणीच्या) चिपला पुरवठ्याची कमाल मर्यादा सात व्होल्ट. मॉस या दुसऱ्या जातीच्या चिपमध्ये गेट नावाच्या नियंत्रक टोकाखालचा ऑक्साइडचा निरोधक थर साधारण पंचवीस नॅनोमीटरचा धरला, तर तो पंचवीस व्होल्टच्या आसपास कायमचा फुटतो. चिप फुटली की फुटली. तिच्यातून वेगळा विचार निघत नाही, पुरवठा आणि जमीन यांच्यात शॉर्ट निघतो.

बिट उलटणं खरं आहे, पण ते कुठे उलटतात हे बघा. कायमचा प्रोग्रॅम त्या काळी इप्रॉममध्ये, म्हणजे पुरवठा गेला तरी मजकूर जपणाऱ्या मेमरी चिपमध्ये असे. त्यात लिहायचं तर २७१६ या चिपच्या एका पायावर पंचवीस व्होल्ट देऊन पत्ता आणि डेटा स्थिर धरावा लागे आणि एका बाइटसाठी पन्नास मिलिसेकंदांचा स्पंद लागे. पुसायचं तर काचेच्या खिडकीवर अतिनील दिवा धरून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. विजेचा लोट मायक्रोसेकंदांत मोजतात. सर्ज-चाचणीची प्रमाण लाट घेतली तर तिचा दाब पन्नास मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो, म्हणजे एक बाइट लिहायला लागणाऱ्या वेळाच्या हजाराव्या भागात. तेवढ्यात इप्रॉमचा मजकूर सुसंगतपणे बदलणं शक्य नाही. राहिली चालू कामाची डायनॅमिक रॅम, म्हणजे पुरवठा असेपर्यंतच मजकूर धरणारी मेमरी. तिथे बिट नक्की उलटतील. पण यादृच्छिक उलटलेल्या बिटांचं पुढे काय होतं? एखादी सूचना भलत्याच पत्त्यावर उडी मारते, पॅरिटीची (बिटांच्या मोजणीच्या पडताळणीची) चूक पकडली जाते, प्रोसेसर थांबतो किंवा वॉचडॉग टायमर, म्हणजे यंत्र अडकलं की ते नव्याने सुरू करणारं राखणदार घड्याळ, त्याला रीसेट करतो. रीसेट झालं की इप्रॉममधलं सगळं जसंच्या तसं परत येतं. परत येत नाही ते फक्त रॅममध्ये भरलेलं, म्हणजे त्या दिवशीचं काम, ठिकाण, लक्ष्य, कुणाचं ऐकायचं याची यादी.

माझा मुद्दा इथेच आहे. विजेनंतर उभा राहिलेला नंबर फाइव्ह म्हणजे सगळी कौशल्यं शाबूत आणि आदेशाची पाटी कोरी असलेलं यंत्र. बघण्याची, ओळखण्याची, हाताळण्याची, माहिती गोळा करण्याची क्षमता त्याच्यात आधीपासून होती, कारण शत्रूच्या मुलखात एकट्याने वावरणाऱ्या यंत्राला ती लागतेच. माहितीची त्याची न संपणारी भूक ही टेहळणीचीच सवय आहे. फक्त आता ती माहिती कुणाकडे पोहोचवायची हे सांगणारं कुणी नाही.

पुरावा चित्रपटातच आहे. न्यूटन त्याची परीक्षा घेतो तो प्रसंग पुन्हा पाहा. कागदावर सूप ओतून, घडी घालून तो डाग नंबर फाइव्हला दाखवतो. पहिलं उत्तर येतं ते घटकांचं : लाकडाचा लगदा, टोमॅटो, पाणी, मीठ, मोनोसोडियम ग्लुटामेट. हे उत्तर वीज पडण्याआधीच्या यंत्राचं आहे, शुद्ध संवेदकाचं. मग क्षणभराने तो म्हणतो की हे फुलपाखरासारखं दिसतं, पक्ष्यासारखं, मेपलच्या पानासारखं. दोन्ही उत्तरं एकाच यंत्राची, एकाच डागाबद्दलची, आणि दुसरं पहिल्याच्या खांद्यावर उभं आहे. त्यानंतर विनोद ऐकून तो आपणहून हसतो आणि न्यूटनची खात्री पटते. ते हसू विजेने आत घातलं असं चित्रपट कुठेही म्हणत नाही. ती जागा त्याने मोकळी ठेवली आहे, आणि मला ती तशीच आवडते.

दुसरा पुरावा त्याच्या भावंडांचा. पाठलागाला आलेल्या तीन सेंट यंत्रमानवांना नंबर फाइव्ह उघडतो, त्यांचा प्रोग्रॅम बदलतो, आणि ते जुन्या विनोदी त्रिकुटासारखे एकमेकांना झोडपू लागतात. प्रोग्रॅम बदलला, वागणं बदललं, प्रेक्षक खदखदून हसले. तरी ते जिवंत झाले असं कुणालाच वाटत नाही, ना पात्रांना, ना आपल्याला. बिटांची फेरमांडणी म्हणजे जाणीव हे तुमचं समीकरण खरं असतं, तर त्या प्रसंगानंतर चित्रपटात चार जिवंत यंत्रमानव असायला हवे होते. लेखक एस. एस. विल्सन आणि ब्रेंट मॅडॉक यांनी हा फरक नेमका ठेवला आहे.

लष्करी मुळाबद्दल तुम्ही म्हणता ते अर्धंच खरं आहे. १९८६ साली असं यंत्र कुणाकडेच नव्हतं. पण त्यासाठीचा पैसा आणि आराखडा होता, तोही उघड. २३ मार्च १९८३ला अध्यक्ष रेगन यांनी क्षेपणास्त्रविरोधी ढालीची घोषणा केली, आणि त्याच वर्षी डार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने सामरिक संगणनाचा मोठा कार्यक्रम जाहीर केला. त्यात तिन्ही दलांसाठी एकेक उदाहरण ठरवलेलं होतं : हवाई दलासाठी वैमानिकाचा संगणकी सहायक, नौदलासाठी युद्ध-व्यवस्थापन, आणि भूदलासाठी आपणहून चालणारी गाडी. ती गाडी मार्टिन मॅरिएटा या कंपनीने डेन्व्हरजवळ बांधली. आठ चाकं, वर रंगीत व्हिडिओ कॅमेरा आणि लेसर स्कॅनर, पोटात संगणक. मे १९८५च्या प्रात्यक्षिकात ती एक किलोमीटर रस्ता ताशी तीन किलोमीटरने चालली. आपण रमतगमत चालतो त्याहूनही कमी वेग.

ती अडखळायची कशामुळे, हे पाहिलं की नंबर फाइव्हची कल्पना किती पुढे उडी मारून केली होती ते कळतं. तिथलं डांबर कॅमेऱ्याला निळसर दिसे आणि कडेची माती तांबूस, म्हणून प्रत्येक चित्रबिंदूच्या लाल किमतीतून निळी वजा करायची आणि उरलेल्या आकड्यावरून रस्ता की माती ते ठरवायचं, अशी युक्ती होती. कोरड्या, स्वच्छ उजेडात ती चाले. सावली पडली, चाकांनी चिखल रस्त्यावर आणला, पाऊस पडून गेला किंवा सूर्य कलला, की रंगांचं गणित बदले आणि रस्त्याची कड भलतीकडे दिसे. मग रस्ता आणि माती वेगळी करणारा आकडा बदलायचा, पुन्हा चालवून बघायचं. १९८७पर्यंत वेग वाढून कमाल ताशी एकवीस किलोमीटरपर्यंत गेला, पण तोही ओळखीच्या रस्त्यावर. हे यंत्र सूप आणि फुलपाखरू यांच्या आसपासही नव्हतं. तरीही 'लष्कर स्वतः विचार करणारं वाहन बनवतंय' ही गोष्ट तेव्हाच्या वाचकांना ठाऊक होती, आणि नोव्हाची प्रयोगशाळा त्या बातम्यांच्या जमिनीवर उभी आहे. दिग्दर्शक जॉन बॅडम यांनी तीनच वर्षांपूर्वी, १९८३ला, 'वॉरगेम्स'मध्ये अण्वस्त्रांचा ताबा मिळालेला लष्करी संगणक दाखवला होता. लष्करी धागा योगायोगाने आलेला नाही.

आता 'रिमोटवरचं खेळणं'. यंत्राचं रेखाटन भविष्यातली यंत्रं कल्पून काढणारे चित्रकार सिड मीड यांचं, तेही एरिक अ‍ॅलर्ड यांच्या कच्च्या रेखाचित्रांवरून बरंचसं घेतलेलं; आणि प्रत्यक्ष यंत्रं उभी केली ती अ‍ॅलर्ड यांनी. वेगवेगळ्या प्रसंगांसाठी वेगवेगळ्या प्रती होत्या, आणि चित्रपटातला सगळ्यात मोठा खर्च त्यांच्यावरच झाला. हातांच्या बहुतेक हालचालींसाठी कळसूत्री कलाकार अंगात एक सांगाडा चढवी. त्याच्या प्रत्येक सांध्याला स्वतंत्र संवेदक होता. कलाकाराने कोपर वाकवलं की यंत्राचं कोपर वाके. रिमोटच्या काडीने दोन-तीन हालचाली जेमतेम एकत्र करता येतात. इथे खांदा, कोपर, मनगट, बोटं एका माणसाच्या एका सहज हालचालीतून एकदम चालतात.

अशा जोडणीत काम सोपं नसतं. माणसाच्या हाताची लांबी आणि यंत्राच्या हाताची लांबी जुळत नाही, त्यामुळे नुसता कोन पाठवला तर यंत्राचा पंजा पेल्याच्या पुढे किंवा मागे जातो. कलाकाराला स्वतःच्या हाताकडे नव्हे, यंत्राच्या हाताकडे बघून सराव करावा लागतो. सांध्याचा संवेदक घाणेरडा झाला की आकडा थरथरतो आणि पोलादी हात कापऱ्या माणसासारखा कापतो. थरथर घालवायला संवेदकाचे आकडे गुळगुळीत करणारी गाळणी वाढवली तर हालचाल उशिरा पोहोचते, आणि उशीर झाला की समोरच्या नटाची नजर चुकते. शिवाय यंत्राच्या सांध्याला थांबा नसेल तर कलाकार जांभई देतो आणि मोटर गिअर मोडते. हे सगळं सांभाळून कळसूत्री कलाकार टिम ब्लेनी चित्रीकरणाच्या जागीच नंबर फाइव्हचा आवाजही देत होते, जेणेकरून समोरच्या नटाला खऱ्या वेळी खरं उत्तर मिळावं. थोडीच वाक्यं नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित झाली. स्टेफनीच्या स्वयंपाकघरात तो दचकतो, डोळ्यांवरच्या झापा उचलतो, ते दचकणं संवादाच्या त्याच क्षणी घडलेलं आहे. त्याच्या जन्माचा हा भाग मला कथेतल्या विजेपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला खेळणं म्हणणं त्या कारागिरांवर अन्याय आहे.

तुम्ही म्हणता त्या भारतीय शास्त्रज्ञाबद्दल, म्हणजे बेनबद्दल, थोडक्यात. ही भूमिका आधी गोऱ्या तरुणासाठी लिहिलेली होती, नंतर ती भारतीय केली गेली, आणि फिशर स्टीव्हन्स या गोऱ्या नटाने चेहऱ्याला सावळा रंग लावून, उच्चार वाकडे करून ती वठवली. बेन हुशार आहे, प्रेमळ आहे, हे मान्य. पण त्याची इंग्रजी हाच पटकथेतला त्याच्यावरचा मुख्य विनोद आहे. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमध्ये खरोखर काम करणारी आपली माणसं त्या काळीही होती. त्यांच्यापैकी कुणाचाही चेहरा या पात्राला मिळाला नाही. म्हणून कौतुक केलं नाही, आणि आताही करणार नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत की हेलिकॉप्टरच्या क्षेपणास्त्राने फुटतो तो कोण. तो नंबर फाइव्ह नाही. सुट्या भागांमधून त्याने स्वतःच जोडलेली नक्कल फुटते, खरा लपलेला असतो. त्या नक्कलेला वीज लागलेली नाही, तरी बाहेर उभ्या असलेल्या सैनिकांना ती नंबर फाइव्हच वाटते. तो प्रसंग या चर्चेच्या संदर्भात पुन्हा पाहिलात तर तुमचं मत जरूर लिहा.