‘एक्सूसिया’ आणि जमाखर्चाची वही

मध्यंतरी आमच्या चर्चच्या मंडळीच्या सभेत एका काकूंनी जमाखर्चाची वही बघायला मागितली. वही काही आली नाही, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय मात्र आला. प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे! काकू खाली बसल्या आणि सभा संपेपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांचा तो चेहरा काही डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

‘अधिकारी’ म्हटलं की आपल्याला तलाठी, तहसीलदार, खुर्चीवरचा साहेब दिसतो. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने त्या ओळीत मूळ ग्रीकमध्ये लिहिलेला शब्द आहे ‘एक्सूसिया’, तोही अनेकवचनात. हा शब्द ‘एक्सेस्तिन’ या क्रियापदाशी जोडलेला आहे. त्याचा अर्थ ‘मुभा आहे’, ‘चालतं’. कैसराला, म्हणजे रोमी सम्राटाला, कर देणं योग्य आहे का, असं येशूला विचारतात, तिथे हेच क्रियापद आहे. नुसत्या बळासाठी ग्रीकमध्ये ‘दुनामिस’ हा वेगळा शब्द आहे. म्हणजे एक्सूसिया ही मनगटातली ताकद नव्हे, कुणीतरी हातात दिलेलं मुखत्यारपत्र आहे. आणि मुखत्याराला हिशेब द्यावा लागतो.

येशूकडे आलेला कफर्णहूम गावचा तो शताधिपती, म्हणजे सैन्यातला नायक, आठवा. शिपाई त्याच्या हाताखाली, एकाला जा म्हटलं की तो जातो. पण स्वतःची ओळख तो कशी करून देतो? मीही अधिकाराखालचा माणूस आहे! आधी हे सांगतो, मग शिपायांचं. येशूची चौकशी करणारा रोमी सुभेदार पिलात त्याला म्हणतो, तुला सोडायचा आणि वधस्तंभावर द्यायचा अधिकार मला आहे. येशू म्हणतो, तुला तो वरून दिला नसता तर माझ्यावर काहीच चालला नसता. दोघांच्याही तोंडी एक्सूसियाच. लूकच्या शुभवर्तमानाच्या 4 थ्या अध्यायात सैतानसुद्धा जगातल्या राज्यांचा अधिकार देऊ करताना, तो आपल्याकडे सोपवलेला आहे, असंच म्हणतो.

पौलाने हे पत्र साधारण इ.स. 57 मध्ये लिहिलं, तेव्हा रोममध्ये नीरो गादीवर होता. त्याच अध्यायात सत्ताधाऱ्याला तो ‘दियाकोनोस’ म्हणतो, म्हणजे सेवक. चर्चमधल्या सेवकाला आपण डीकन म्हणतो तो शब्द यातूनच आला. मालक या अर्थाचा शब्द त्याने तिथे वापरलेला नाही. तरी वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत हाच अध्याय राजवटीच्या बाजूने वाचला गेला, आणि 1985 मध्ये तिथल्या ख्रिस्ती लोकांनी ‘कैरोस’ दस्तऐवजात त्या वाचनाला उघड विरोध केला.

खरं तर आपल्या मराठीला हा शब्द चांगला कळतो. गाण्यातला अधिकार, अधिकारी पुरुष, अधिकारवाणी. यात खुर्ची कुठेच नाही. येशू शास्त्र्यांसारखा नव्हे तर अधिकार असल्यासारखा शिकवत होता असं मार्क लिहितो, तिथेही एक्सूसियाच आहे. त्या माणसाकडे कुठलं पद होतं?

आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात, ज्यांनी येशूला स्वीकारलं त्या सगळ्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार दिला, असं आहे. सगळ्यांना. त्यात काकूही आल्या. पुढच्या सभेत वही मागायला त्या उठल्या, तर त्यांच्या शेजारी मी उभी असेन.