वाइनग्लासमध्ये सोलकढी चालते, आणि बरंच काही चालतं

सध्या वाइनग्लासच्या 'नियमां'ची एक पोस्ट फिरतेय. बहुतेकांच्या फॅमिली ग्रुपवर ती येऊन गेली असेल. तिचं म्हणणं थोडक्यात असं: वाइनग्लास फक्त वाइनसाठी, त्यात सरबत-बिरबत ओतणं गावंढळपणाचं. प्रत्येक वाइनला वेगळ्या आकाराचा ग्लास लागतो, कारण तो आकार वाइन जिभेच्या ठरावीक भागावर सोडतो. ग्लास दांडीलाच धरायचा, आणि जितका मोठा तितका चांगला. शेवटी एक भीती: क्रिस्टलच्या, म्हणजे चकचकीत काचेच्या, प्रत्येक ग्लासात शिसं असतं. असलं वाचून लोक लग्नात आलेला सहा ग्लासांचा सेट शोकेसमधून काढतच नाहीत. चांगली काच अशी वर्षानुवर्षं धूळ खात पडते याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिला मुद्दा, 'फक्त वाइनसाठी'. हे इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांतही कधी खरं नव्हतं. तिथल्या जुन्या पाककृतींत 'एक वाइनग्लास पाणी' किंवा 'अर्धा वाइनग्लास गुलाबपाणी' असं सर्रास लिहिलेलं असायचं. औषधाच्या बाटल्यांवरही 'एक वाइनग्लासभर, दिवसातून तीनदा' अशी सूचना असे. औषध विकणाऱ्यांच्या हिशोबात ते चक्क एक माप होतं, दोन फ्लुइड औंसांचं, म्हणजे साधारण 60 मिलीलिटर. आपण वाटी-चमचा वापरतो तसाच त्यांचा हा ग्लास घरकामाला होता. पुढे त्यातच प्रॉन कॉकटेल, म्हणजे सॉसमधली थंड कोलंबी आली, आइस्क्रीम आणि मूससारखे गोड पदार्थ आले. स्पेनमध्ये तर जिन-टॉनिक मोठ्या पोटाच्या, दांडीच्या ग्लासातच देतात.

संगीतातली गोष्ट याहून सुंदर आहे. ओलं बोट काठावरून गोल फिरवलं की ग्लास गातो. 1746 मध्ये ग्लुक या संगीतकारानं लंडनमध्ये पाण्यानं सुरात लावलेल्या 26 ग्लासांवर कार्यक्रम केला होता. 1761 मध्ये बेंजामिन फ्रँकलिननं त्याच कल्पनेवरून काचेच्या फिरत्या वाट्यांचं वाद्य बनवलं आणि 1791 मध्ये मोझार्टनं त्या वाद्यासाठी रचना केली. जलतरंग ऐकलेल्याला यातलं गणित सांगावं लागत नाही. पाणी वाढवलं की सूर उतरतो, इथेही आणि तिथेही. सुट्टीत घरी मुलं जमली की सहा ग्लासांत कमीजास्त पाणी भरून सारेगम लावायला बसवा, तासभर उठणार नाहीत.

आता सोलकढी. वाइनग्लासचं तोंड पोटापेक्षा अरुंद असतं, त्यामुळे वास लगेच उडून जात नाही. हा गुण वाइनसाठी घडवला असला तरी काचेला आत काय आहे ते कळत नाही. नारळाच्या पहिल्या दुधाची, ताज्या आगळाची सोलकढी ग्लासाच्या एक तृतीयांशापर्यंत ओता आणि हलकेच गोल फिरवा. लसूण आणि कोथिंबीर आधी नाकात येतात, मग आंबटपणा तोंडात. वेलदोडा-केशराचं पन्हंही असंच खुलतं. आमच्याकडे एका नातेवाइकांनी 'दारूच्या ग्लासात मुलांना कसं देतेस?' असं विचारलं होतं. त्यांची काळजी मला कळते, पण मुलाच्या हातात काय आहे ते पेयावर ठरतं, ग्लासाच्या दांडीवर नाही. फक्त उकळता चहा किंवा कॉफी त्यात ओतू नका. काच तडकते.

दुसरा मुद्दा जिभेचा, आणि पोस्टमधली सगळ्यात चुकीची गोष्ट हीच आहे. टोकाला गोड, बाजूला आंबट, मागे कडू हा नकाशा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत काढलाय. 1901 मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाला जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत अगदी किरकोळ फरक आढळले होते. 1942 मध्ये हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांनी पुस्तकात त्याचा आलेख असा काही दिला, की एका भागाला एकच चव कळते असा लोकांचा समज झाला. प्रत्यक्षात साऱ्या चवी जिभेवर चव कळते तिथे सगळीकडेच कळतात. ऑस्ट्रियाचे काचकार क्लाउस रीडेल यांनी 1973 मध्ये वेगवेगळ्या वाइनसाठी वेगवेगळ्या ग्लासांची मालिका बाजारात आणली. त्यांची काच देखणी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण अशा ग्लासांच्या विक्रीला हा जिभेचा नकाशा पुढे खूप उपयोगी पडला.

आकारानं काहीच फरक पडत नाही, असंही मी म्हणणार नाही. पडतो, पण तो वासात. 2015 मध्ये टोकियोच्या संशोधकांनी अल्कोहोलची वाफ दिसेल असा कॅमेरा बनवला. 13 अंश सेल्सिअसला थंड केलेल्या वाइनवर वाइनग्लासच्या काठाशी वाफेचं कडं दिसलं आणि मधोमध वाफ कमी होती. सरळ ग्लासात आणि मार्टिनीच्या पसरट तोंडाच्या ग्लासात तसं कडं दिसलं नाही. म्हणजे नाक मधोमध नेलं की अल्कोहोलचा झणका कमी लागतो. त्यासाठी तोंडाशी निमुळता असा एक साधा ग्लास पुरतो, सहा प्रकारांचे सहा सेट नकोत. वाइन चाखणाऱ्यांसाठी ठरलेला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा ग्लास तरी केवढा? जेमतेम 215 मिलीलिटरचा, आणि लाल-पांढऱ्या दोन्ही वाइनना तोच.

दांडीचं म्हणणं अर्धं खरं आहे. हाताच्या उबेनं थंड पेय लवकर गरम होतं, आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये तर होतंच. पण हा नियम म्हणजे सभ्यतेची परीक्षा नव्हे. व्हिएन्नाजवळच्या द्राक्षबागायतदारांच्या खानावळींत कान असलेल्या जाड ग्लासात वाइन देतात. जर्मनीच्या फाल्झ भागात अर्ध्या लिटरच्या, खळगे पाडलेल्या ग्लासात सोडा घातलेली वाइन मित्रांत फिरते. दांडी दोन्हीकडे नाही, आणि ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या वाइन करणारी आहेत.

'मोठा तितका चांगला' याला एक आकडा पुरे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2017 मध्ये इंग्लंडमधले तीनशे वर्षांतले ग्लास मोजले. 1700 च्या सुमाराला सरासरी 66 मिलीलिटर, आणि 2017 च्या सुमाराला 449. म्हणजे मोठा ग्लास ही पुढे लागलेली सवय आहे, वाइनची गरज नव्हे.

शिशाचं मात्र गांभीर्यानं घ्या. 'लेड क्रिस्टल' म्हणायला युरोपीय नियमानुसार काचेत निदान 24 टक्के लेड ऑक्साइड लागतं, आणि आंबट पेयात त्यातलं शिसं उतरतं. 1991 च्या एका अभ्यासात क्रिस्टलच्या सुरईत चार महिने ठेवलेल्या पोर्ट वाइनमध्ये शिशाचं प्रमाण लिटरला 2000 ते 5000 मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं होतं. पण पोस्ट म्हणते तसं प्रत्येक ग्लासात शिसं नसतं. आज दुकानात मिळणारे बहुतेक ग्लास साध्या काचेचे किंवा शिसेविरहित क्रिस्टलचे असतात, आणि खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. आजीच्या काळातले जड, कोरीव, परदेशातून आलेले ग्लास असतील तर त्यात कोकम, लिंबू, पन्हं नको, रात्रभर काही ठेवायला नको, आणि लहान मुलांना व गरोदर बाईला तर त्यातून काहीच देऊ नका. मोगऱ्याची फुलं पाण्यात सोडून ते टेबलावर ठेवा.

बाकीचे रोज वापरा. धुताना तळ एका हातात आणि पोट दुसऱ्या हातात धरून पिळू नका, दांडी तिथेच मोडते. पोट तळहातात घ्या, आतून मऊ स्पंज फिरवा आणि सुती फडक्यावर उपडा घाला.