सांडलेल्या तेलाची निगा कशी राखावी

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे किंवा होनगा यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीत आपली शेड असेल, तीत दोन लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस आणि ६८ नंबरच्या हायड्रॉलिक तेलाचे एक बॅरल असेल, तर आपल्याकडे तेल सांडणार हे गृहीत धरण्यास हरकत नाही. खरे कौशल्य सांडण्यात नसून सांडलेले तेल वर्षानुवर्षे सांडलेलेच ठेवण्यात आहे. पुष्कळ नवशिके मालक येथेच चुकतात. गळती दिसताच ते प्रेस थांबवतात, झिजलेला होज किंवा सील बदलून घेतात, आणि मग कामगारांना कोरड्या फरशीवरून चालण्याची वाईट सवय लागते.

आपण तसे करू नये. गळणाऱ्या जोडाला प्रथम एक फडके गुंडाळावे आणि फडक्याखाली पाच लिटरचा कापलेला कॅन ठेवावा. दर सेकंदाला एक थेंब म्हणजे काय मोठेसे, असे आपणास वाटेल. पण तेवढ्यातच दिवसाला सुमारे ४ लिटर, म्हणजे वर्षाला दीड हजार लिटर तेल जमते. इतके तेल विकत घेताना आपण दुकानदाराशी अर्धा तास घासाघीस करतो, हे येथे आठवू नये. कॅन रिकामा करण्याचे काम कोणाकडेही सोपवू नये. दुसऱ्या दिवशी तो काठोकाठ भरतो आणि त्यापुढचे काम स्वतःच करतो, त्यासाठी वेगळा माणूस ठेवावा लागत नाही.

बॅरलची जागाही विचारपूर्वक निवडावी. जाणकार सांगतात की बॅरलभोवती पक्का कट्टा बांधावा आणि त्यात बॅरलच्या मापाच्या ११० टक्के तेल मावावे. म्हणजे २१० लिटरच्या एका बॅरलसाठी सुमारे २३० लिटरचे हौद झाले. एवढ्या जागेत दोन दुचाकी सहज उभ्या राहतात, तेव्हा निर्णय कठीण नाही. बॅरल दोन विटांवर आडवे निजवावे, त्याला किंचित सैल कॉक बसवावा, आणि ते पावसाळी गटाराच्या जितके जवळ ठेवता येईल तितके ठेवावे. फोर्कलिफ्टच्या वळणाची जागा मिळाली तर सोन्याहून पिवळे.

तेल लेथ विभागातून प्रेस विभागात वाहत गेले, की खरा प्रश्न उभा राहतो. आपल्या सीमाभागाला १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून अशा प्रश्नांचा सराव असल्याने घाबरण्याचे कारण नाही. डबक्याच्या एका काठावर लेथचा माणूस उभा असतो आणि म्हणतो, "ते तुमच्या हद्दीत आलंय की ओ." पलीकडच्या काठावरून उत्तर येते, "गळतंय तुमचं मशीन, आणि पुसायचं आम्ही होय?" अशा वेळी फडके कोणाच्याही हातात देऊ नये. सुपरवायझरने खडूने रेघ ओढावी, पुढे तिथे पिवळा पट्टा रंगवावा, आणि एक समिती नेमावी. समितीचा अहवाल आला, की एका विभागाने तो अंतिम मानावा आणि दुसऱ्याने मुळातच फेटाळावा. तेल मात्र तो पिवळा पट्टा रोज रात्री ओलांडते, आणि दोन्ही बाजूंना सारखेच निसरडे असते.

फरशी अगदीच चालेनाशी झाली तर पुठ्ठे अंथरावेत. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम ३२ म्हणत असे, की फरशी, जिने आणि ये-जा करण्याच्या वाटा पाय घसरेल अशा पदार्थांपासून मुक्त ठेवाव्यात. पुठ्ठ्याखालचे तेल तपासनिसाला दिसत नाही, एवढ्यापुरती तरी ती मुक्तीच झाली. प्रस्तुत लेखक एका शेडमध्ये अशाच पुठ्ठ्यावरून पुठ्ठ्यासकट चार फूट पुढे गेलेला आहे. कोपराचे प्लास्टर महिनाभर होते, आणि तो पुठ्ठा, कळते त्याप्रमाणे, अजून त्याच जागी आहे.

सफाई करावीच लागली तर पाण्याचा पाइप लावून करावी. पाण्यावर तेल तरंगते आणि वाटीभर तेल क्षणात सगळ्या शेडभर पोहोचते. इतका व्याप वाळूने कधीच साधत नाही. वर दोन मुठी धुण्याची पावडर टाकली तर तेल फुटून पाण्यात मिसळते, दुधी दिसते, आणि तेल अडवण्यासाठी बांधलेल्या चेंबरमधून ताठ मानेने निघून जाते. नुकताच डिप्लोमा झालेला एखादा भाचा असेल तर तो सांगू लागेल: मामा, आधी गळती बंद करा, मग गटाराच्या तोंडाशी वाळूचा बांध घाला, मग डबक्यावर भुसा किंवा कोरडी वाळू पसरून कडेकडून मध्याकडे ओढत आणा. त्याला चहा सांगायला पाठवावे.

वाळूचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे फाउंड्रीच्या टाकाऊ वाळूला तोटा नाही. वाळूचे कण रगडून तेल गाळण्याचे कष्ट पूर्वजांनी सांगितले असतील. आपली वाळू न रगडताच ठिबकते. वास्तविक २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल आणि तेलाने माखलेला कचरा वेगळ्या, खूण केलेल्या ड्रममध्ये ठेवायचा असतो, ९० दिवसांच्या आत अधिकृत प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यायचा असतो आणि त्याची नोंद ठेवायची असते. आपण तेल सेंट्रिंगच्या फळ्यांना लावणाऱ्यास द्यावे, चिंध्या थंडीत शेकोटीस द्याव्यात, आणि वाळू रात्री रस्त्याकडेच्या खड्ड्यात टाकावी, म्हणजे खड्डा बुजवल्याचे पुण्यही पदरी पडते.

मग जूनचा पहिला मोठा पाऊस येतो आणि वर्षभराची शिल्लक एका रात्रीत धुऊन नेतो. बळ्ळारी नाला दरवर्षी काठच्या भातशेतीत शिरतो, त्यामुळे पाण्याबरोबर काय कोठून आले हे सांगणे अवघड असते, आणि हीच आपली सोय आहे. तरीही एखादे दिवशी एखादा शेतकरी आपल्या रोपांतले पाणी बाटलीत भरून गेटवर येऊन उभा राहील. त्याला काका म्हणावे, बसायला खुर्ची द्यावी, आणि वरची शेड कोणाची आहे ते सविस्तर सांगावे. बाटली टेबलावर स्थिर ठेवू देऊ नये. स्थिर ठेवली की थोड्याच वेळात तेल वर येते आणि ट्यूबलाइटच्या उजेडात रंग दाखवू लागते. ती आपल्या हातात घ्यावी आणि बोलता बोलता हलवत राहावे, म्हणजे काका उठेपर्यंत तरी पाणी नुसते गढूळ दिसते.