'माइकचा बाऊ' या आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेत गाडीने फिरत नर्ड संस्कृतीवर, म्हणजे एखाद्या छंदात आकंठ बुडालेल्या माणसांच्या जगावर, वैयक्तिक माहितीपट कसा करावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी तिचा सारांश देतो. जेन कॉन या टेबलावरच्या खेळांच्या संमेलनाचं शहर चुकलं आहे. मार्ग उगाच ताणलेला आहे. 'असल्या पढतमूर्खांना' दीड तास कोण बघणार. आणि 'गाडीतल्या गप्पा फोनवर घेतल्या तरी भागतं, माइकचा बाऊ करून नवख्यांना घाबरवू नका'.

जेन कॉनचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. १९६८ साली लेक जिनीव्हाला सुरू झालेलं ते संमेलन १९८५ साली मिलवॉकीला गेलं आणि २००३पासून इंडियानापोलिसला भरतं. मी मिलवॉकी लिहिलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण 'पढतमूर्ख'? समर्थांचा पढतमूर्ख म्हणजे शिकलेलं आचरणात न आणणारा आणि वर ज्ञानाचा ताठा मिरवणारा. नर्ड नेमका त्याच्या उलट असतो. तो जे वाचतो ते करून बघतो. १९७४ साली आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या खेळाचे नियम खेळणाऱ्यांनी टेबलावर बसून मोडले, जोडले, पुन्हा लिहिले. बंद पडलेल्या आर्केड यंत्राचा (नाणं टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमचा) बोर्ड बाहेर काढून त्यावरचे फुगलेले कपॅसिटर बदलणारा माणूस मूर्ख नसतो. मतभेद जरूर मांडा, पण ज्यांच्यावर माहितीपट करायचा त्यांना शिवी देऊन मुद्दा सिद्ध होत नाही. हा शब्द तुम्ही किती सहज वापरलात, याचा मला खरोखर राग आला.

आता फोन. सतरा वर्षं मी लोकेशनवर आवाजाचं काम करतो आहे, त्यातली बरीचशी माहितीपटांवर. त्यामुळे हे वाक्य मी सोडून देणार नाही.

डॅशबोर्डच्या होल्डरमधला फोन चालकाच्या तोंडापासून साधारण ८० सेंटिमीटर लांब असतो. शर्टाला लावलेला लॅपल माइक २० सेंटिमीटरवर असतो. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे इथेच १२ डेसिबल गेले. टायरचा आवाज मात्र दोन्ही जागी जवळजवळ सारखाच पोचतो. शिवाय होल्डर डॅशबोर्डला चिकटलेला असल्याने इंजिनाची थरथर प्लास्टिकमधून सरळ फोनमध्ये शिरते.

याहून वाईट गोष्ट म्हणजे फोन आवाजाची पातळी स्वतः बदलत राहतो. बोलणारा थांबला की फोन पातळी वाढवतो आणि रस्त्याचा घों-घों वर येतो. तो पुन्हा बोलू लागला की पातळी खाली येते. संकलनात आवाज साफ करणारी साधनं एकसारखा गोंगाट चांगला ओळखतात, पण असा वर-खाली होणारा गोंगाट त्यांना नीट धरता येत नाही. मग आपण त्या साधनाचा जोर वाढवतो आणि 'स', 'फ', 'थ' ही व्यंजनं आधी खाल्ली जातात, कारण त्यांची ताकद मुळात कमी आणि जागा वरच्या पट्टीत, ४ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास. नर्ड माणसाच्या बोलण्यात सगळा जीव तपशिलात असतो. वीस बाजूंच्या फाशावर 'फिफ्टीन' पडले की 'सिक्स्टीन', यावर त्याचा अख्खा किस्सा उभा असतो. ते ऐकू आलं नाही तर पडद्यावर उरतो फक्त पोशाख आणि हातवारे, आणि प्रेक्षक त्या माणसाला हसतो. म्हणून मी माइकबद्दल एवढं लिहिलं. त्या माणसाचा मान राखायचा असेल तर त्याचा शब्द न् शब्द कळायला हवा.

फोनने चित्रणही करणार असाल तर आणखी एक अडचण आहे. बरेच फोन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची तो वेग, स्थिर ठेवत नाहीत. उजेड कमी झाला की तो बदलतो. असं फुटेज वेगळ्या रेकॉर्डरच्या आवाजाशी जुळवलं की पहिल्या मिनिटाला ओठ जुळतात आणि विसाव्या मिनिटाला सुटतात. उपाय आहे: संकलनाला हात लावण्याआधी सगळं स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

बाऊ म्हणता, तर नवख्याला करायचं एवढंच आहे. दोन लॅपल माइक, वायरचे, आणि दोन चॅनलचा एक रेकॉर्डर. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, त्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे येतो. म्हणून माइक छातीच्या उजव्या बाजूला वर लावा. शेजारच्या माणसाचा डाव्या बाजूला. पट्टाही घासत नाही, आणि एकमेकांकडे वळून बोलताना तोंड माइकच्याच दिशेला येतं. वायरचा छोटा वेढा कपड्याच्या आतून टेपने चिकटवा, नाहीतर ओढ बसली की खरखर होते. रेकॉर्डरवर आवाजाचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बोलण्याचे उंच ठोके रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलपर्यंत ठेवा, म्हणजे मोठ्याने हसल्यावर आवाज फाटत नाही. लो-कट, म्हणजे खालचा घुमणारा आवाज कापणारी सोय, ८० हर्ट्झवर. गाडी आधी गार करून घ्या आणि गप्पांच्या वेळी एसीचा पंखा बंद करा, कारण त्याचा फुसफुसाट खालच्या-वरच्या सगळ्या पट्टींत पसरतो आणि लो-कटने जात नाही. वेग थोडा कमी करा. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की एक मिनिट कुणीही न बोलता नुसता गाडीचा आवाज घ्या. संकलनात दोन वाक्यांमधली फट त्यानेच भरायची असते. हे सगळं लावायला दहा मिनिटं लागतात. यात कोण घाबरतं?

वायरवर माझा भर का, हेही लेखात होतं, पण तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही. वेस्ट व्हर्जिनियातली ग्रीन बँक ही रेडिओ वेधशाळा १९५८ साली आखलेल्या नॅशनल रेडिओ क्वाएट झोनमध्ये, म्हणजे रेडिओलहरींवर निर्बंध असलेल्या टापूत आहे. तिथल्या १०० मीटर व्यासाच्या दुर्बिणीजवळ डिजिटल कॅमेऱ्यालाही मनाई असते, मग वायरलेस माइकचं नावच नको. न्यू मेक्सिकोतल्या व्हेरी लार्ज अॅरे या रेडिओ दुर्बिणीला, त्या २५ मीटरच्या २७ तबकड्यांपाशी, फोनसुद्धा बंद ठेवायला सांगतात. संमेलनांच्या सभागृहात २.४ गिगाहर्ट्झचे स्वस्त वायरलेस संच वायफायच्या गर्दीत तुटतात. आणि जुना ६०० मेगाहर्ट्झचा संच कुणी उसना दिला तर त्याची फ्रिक्वेन्सी आधी बघा. त्या पट्ट्याचा बहुतेक भाग १३ जुलै २०२०नंतर अमेरिकेत वायरलेस माइकसाठी बेकायदा आहे.

'माइक दिसला की माणूस मोकळा बोलत नाही' असंही तुम्ही त्याच ओघात म्हणता. फोन मात्र विसरला जातो म्हणून चांगला, असा त्याचा अर्थ होतो, आणि हे मला पटत नाही. कॅलिफोर्नियात खासगी संभाषण रेकॉर्ड करायला त्यातल्या सगळ्यांची संमती कायद्याने लागते. कायदा नसता तरी मी विचारलं असतं. रेकॉर्डिंग सुरू करून नाव, तारीख आणि होकार बोलून घ्या, आणि कागदावर सही वेगळी. पाचेक मिनिटांत माणूस माइक विसरतो, विशेषतः आवडता विषय निघाला तर.

आर्केडमधल्या जुन्या काचेच्या पडद्यांवर पट्टे सरकताना दिसतात ही तुमची तक्रार माइकशी संबंधित नाही, पण उत्तर सोपं आहे. सेकंदाला २४ फ्रेमवर चित्रण करताना शटर १/४८ सेकंद ठेवला की पट्टे येतात. १/६० करा, बहुतेक यंत्रांवर ते जवळजवळ थांबतात. राहिलेल्यांसाठी कॅमेऱ्यात शटर बारीक बारीक पायऱ्यांनी बदलायची सोय असेल तर पडद्याकडे बघत जुळवा. मुलाखत मात्र तिथे घेऊ नका. वीस यंत्रं एकदम आपापली धून वाजवत असतात. वाक्य कापलं की मागची धून उडी मारते, आणि तिच्या हक्कांचा प्रश्न वेगळाच. यंत्रांची दृश्यं घ्या आणि माणसाला बाहेर गाडीत आणून बसवा.

मार्गाबद्दल एवढंच: सगळे थांबे घ्यायलाच हवेत असं मी कुठेही लिहिलेलं नाही. दीड तास कोण बघणार, यावर वाद घालायची माझी इच्छा नाही.

फोनवर घेतलेल्या गप्पा तुमच्याकडे तयार असतील तर अजून टाकून देऊ नका. मूळ फाइल बाजूला ठेवा, प्रतीवर आधी लो-कट लावा, गोंगाट काढणारं साधन ६ डेसिबलच्या पुढे नेऊ नका, आणि ज्या वाक्यात शब्द हरवतो तिथे उपशीर्षकं द्या. पुढच्या वेळी माइक छातीवर लावा.